अनोळखी कनेक्शनचा माग

चि. सई हीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट बघितला. काळ्या खिडकीत तुझ्या संगणकाच्या नेटवर्क कनेक्शनच्या चाळीसेक ओळी, आत कुणी घुसलंय का ही शंका आणि खाली तुझा प्रश्न : यातलं काय उडवू? आत्ता काहीच उडवू नकोस. फाइल उडवली की ती कुठे होती, कधी आली, हे कळायची सोय तिच्याबरोबर जाते. शिवाय तिला चालू करणारं जे काही आहे ते तसंच राहिलं, तर पुढच्या रीस्टार्टला ती परत हजर होते. कनेक्शनवरून प्रोग्राम, प्रोग्रामवरून फाइल आणि फाइलवरून तिला उठवणारा, या क्रमाने जायचं. एकच अपवाद : माउसचा बाण आपोआप फिरताना दिसला किंवा खात्यातून पैसे जाताहेत असं वाटलं, तर आधी वायफाय बंद कर, चौकशी नंतर.

ब्राउझर बंद कर आणि चारेक मिनिटं थांब. खिडकी बंद केली तरी ब्राउझर मागे चालू राहू शकतो, ते टास्क मॅनेजरमध्ये बघून घे. मग कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघड आणि ‘नेटस्टॅट’ या कनेक्शनची यादी देणाऱ्या आज्ञेपुढे एक जागा सोडून, आडवी रेघ देऊन ए, एन, ओ ही तीन अक्षरं दे. ब्राउझरच्या ओळी गळून पडतील.

त्यातल्याही बऱ्याच निरुपद्रवी असतात. १२७.०.०.१ म्हणजे संगणक स्वतःशीच बोलतोय. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे पत्ते घरातलेच : राउटर, प्रिंटर, टीव्ही. ‘टाइम वेट’ म्हणजे संपलेलं कनेक्शन; त्यापुढे पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रामचा क्रमांक, शून्य दिसतो, तो कुणाचा हे शोधत बसू नकोस. ‘लिसनिंग’ म्हणजे दार उघडून बसलेला प्रोग्राम. १३५ आणि ४४५ ही दारं, म्हणजे पोर्ट, विंडोजची स्वतःची. ४४५ समोर पीआयडी ४ दिसेल, तो ‘सिस्टिम’. ३३८९ मात्र रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुसरीकडून हा संगणक चालवण्याचा. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून असं आत येण्याची सोय दिलेलीच नाही, त्यामुळे तिथे हा पोर्ट ऐकत असेल तर तो कुणीतरी बसवलाय. राउटरच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंग (हाताने उघडलेली दारं) आणि यूपीएनपी (प्रोग्रामनी आपोआप उघडून घेतलेली दारं) यांची यादीही एकदा बघ, कारण बाहेरच्याला आत यायची वाट तिथून निघते.

उरल्या ‘एस्टॅब्लिश्ड’, म्हणजे चालू कनेक्शनच्या, ओळी. तू परदेशातले पत्ते बघून घाबरलीस, पण पत्त्यावरून फारसं काही ठरत नाही. क्लाउडफ्लेअर, अकामाई, ॲमेझॉन यांच्या सर्व्हरांवर हजारो साइट एकत्र राहतात. चांगला प्रोग्राम तिथेच बोलतो आणि वाईटही. पोर्ट ४४३, म्हणजे सुरक्षित वेबसाइटांचा नेहमीचा, असला म्हणून ओळ सोडून देऊ नकोस, कारण गर्दीत मिसळायला चोरही तोच वापरतो. ओळीतली कामाची गोष्ट म्हणजे शेवटचा आकडा, पीआयडी.

तो घेऊन टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबवर जा. स्तंभाच्या शीर्षकावर उजवी टिचकी देऊन ‘इमेज पाथ नेम’ आणि ‘कमांड लाइन’ हे दोन स्तंभ चालू कर. हे लगेच कर. प्रोग्राम बंद झाला की तोच आकडा दुसऱ्याला मिळू शकतो.

एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या सेवा चालवणारा प्रोग्राम) नावाच्या डझनावारी ओळी दिसतील. ते ठीक आहे : २०१७ च्या विंडोज १० पासून, पुरेशी रॅम असेल तर जवळपास प्रत्येक सेवेला वेगळा एसव्हीसीहोस्ट मिळतो. संख्या सोड, जागा बघ. तो विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२ मधूनच चाललेला हवा. ‘टेम्प’ किंवा ‘डाउनलोड्स’मधून चालत असेल, किंवा नावातली दोन अक्षरं उलटी असतील, ओच्या जागी शून्य असेल, तर तो तोतया. ‘ॲपडेटा’मधून चालणारं सगळंच संशयास्पद नसतं, चॅटचे कितीतरी चांगले प्रोग्राम तिथेच बसतात.

फसायला होतं ते पुढे. पॉवरशेल, रनडीएलएल३२, डब्ल्यूस्क्रिप्ट हे दुसऱ्याच्या आज्ञा किंवा फाइल चालवणारे प्रोग्राम मायक्रोसॉफ्टचेच, फाइलवरची कंपनीची डिजिटल सही खरी, जागाही बरोबर. हत्यार घरातलं, हात परका. म्हणून कमांड लाइन वाच. रनडीएलएल३२ ला ‘टेम्प’मधली फाइल दिलेली असेल, किंवा पॉवरशेलपुढे अर्थ न लागणारी अक्षरांची लांबच लांब माळ असेल, तर तुझा संशय खरा असण्याची शक्यता मोठी आहे.

नेटस्टॅट हा एका क्षणाचा फोटो आहे. दर दहा मिनिटांनी दोन सेकंद बोलणारा त्यात सापडणार नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं, कनेक्शन सतत दाखवत राहणारं टीसीपीव्ह्यू लावून ठेव. नवं कनेक्शन हिरवं, तुटलेलं लाल दिसतं. संच फुकट आहे, पण उतरवायचा तो मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून.

त्याच संचातलं ऑटोरन्स सगळ्यात महत्त्वाचं. संगणकाबरोबर जे जे आपोआप सुरू होतं ते एका ठिकाणी दिसतं : रन की (रजिस्ट्रीतली सुरुवातीची यादी), सेवा, शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी चालणारी कामं), डब्ल्यूएमआय (विंडोजची देखरेख यंत्रणा). ॲडमिन म्हणून उघड, पर्यायांत सह्या तपासायचा पर्याय चालू कर, मग मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपव. सही न तपासता लपवल्यास कंपनीचं नाव नुसतं लिहून घेतलेली फाइलही लपते. शेड्यूल्ड टास्क निवांत वाच. ‘अपडेट’सारखं साधं नाव आणि आत पॉवरशेल, ही नेहमीची चाल आहे. संशयित नोंद पुसू नकोस, फक्त खूण काढ. चूक झाली तर परत लावता येते.

विंडोजच्या अँटिव्हायरसमधली, म्हणजे डिफेंडरमधली ‘एक्स्क्लूजन्स’ची (तपासायच्या नाहीत अशा जागांची) यादीही उघड. तू काही घातलं नसताना तिथे फोल्डर असेल, तर कुणीतरी पहारेकऱ्याला तिकडे बघू नको म्हणून सांगितलंय.

फाइल सापडली की पॉवरशेलच्या ‘गेट-फाइलहॅश’ने तिचा ६४ अक्षरांचा हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, काढ आणि अनेक अँटिव्हायरस इंजिनांचे निकाल दाखवणाऱ्या व्हायरसटोटल साइटवर तोच शोध. फाइल चढवू नकोस, तिथे चढवलेलं इतरांच्याही हाती जातं. एखाद्याच इंजिनने नाव घेतलं तर तो बऱ्याचदा खोटा इशारा असतो. पण कुणीच ओळखलं नाही, म्हणून फाइल स्वच्छ ठरत नाही. ती कालच बनलेली असू शकते.

खात्री झाली की नेट तोड. असे प्रोग्राम कधी जोडीने चालतात, एक मारला की दुसरा त्याला उठवतो. म्हणून सिसइंटर्नल्सच्याच प्रोसेस एक्सप्लोररमध्ये आधी दोघांना ‘सस्पेंड’ कर (जागीच थांबव), मग मार. त्यानंतर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लाव. विंडोज उठण्याआधी तो तपासतो, साधारण १५ मिनिटं लागतात. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदल आणि प्रत्येक खात्यातून सगळीकडचं लॉगआउट कर, कारण चोरलेली कुकी (ब्राउझरमधली लॉगिनची खूण) पासवर्ड बदलल्यावरही चालू राहू शकते. त्या प्रोग्रामला ॲडमिनचे हक्क मिळाले होते असं दिसलं, तर मी साफसफाईवर विसंबणार नाही. कागदपत्रं आणि फोटो बाजूला काढून विंडोज नव्याने टाकू. जुने इन्स्टॉलर त्यात येऊ देऊ नकोस.

आता मला संशयित प्रोग्रामचं पूर्ण ठिकाण, कमांड लाइन, सहीची स्थिती आणि ऑटोरन्समधली त्याची ओळ, एवढं पाठव. स्क्रीनशॉट चालेल. तोपर्यंत त्या संगणकावर बँकेचं काही उघडू नकोस.

तुझी,
आई