कौशल्यविकास मंत्र्यांना खुले पत्र: खाद्य कारखान्यातल्या अप्रेंटिसच्या हातात पाना द्या

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र राज्य

महोदय,

स. न. वि. वि.

मी बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. मशीन बंद पडली की पहिला फोन मला येतो. हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला येता, तेव्हा आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात आणि संत्राप्रक्रियेवर, विदर्भातल्या नव्या गुंतवणुकीवर हटकून भाषणं होतात. मिहानमधला पतंजलीचा फूड पार्क मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. हल्दीराम आणि दिनशॉज ही तर या शहराची जुनी नावं. कारखाने वाढताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण ते रोज, तिन्ही पाळ्यांत चालू ठेवणारी माणसं कोण घडवतंय, याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही.

माझी मागणी एकच आहे. खाद्य आणि पेय कारखान्यांतल्या यंत्रांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी दोन वर्षांची वेगळी अप्रेंटिसशिप नागपुरात सुरू करा, आणि ती प्रत्यक्ष मशीनवर होते आहे का, हे बघायला माणूस पाठवा.

वेगळी कशाला, फिटर आणि इलेक्ट्रिशियन आहेतच की, असं आपले अधिकारी म्हणतील. त्यांना एक प्रसंग सांगतो. दिवाळीच्या आधीचे दिवस, रात्रपाळी, चिवड्याची पॅकिंग लाइन. वरच्या कन्व्हेयरचा ब्रॅकेट सैल झाला होता. उमरेडकडचा एक अप्रेंटिस वर चढला, दहा मिनिटांत चारही बोल्ट कसून खाली आला. काम चोख होतं. मी विचारलं, जुने स्प्रिंग वॉशर कुठे आहेत? त्याने मूठ उघडली. हातात तीन. लाइन थांबवली, हॉपरमधला, म्हणजे माल साठवणाऱ्या नरसाळ्यातला, माल बाजूला काढून चाळला, शेवटी चौथा वॉशर खालच्या च्यूटच्या (माल घसरत येतो त्या पन्हाळीच्या) कडेला अडकलेला सापडला. पोरगा रडकुंडीला आला होता. म्हणाला, "सर, आयटीआयमध्ये जॉब मापात बसला का मार्क भेटते. मोजून परत द्या असं कोणी सांगितलंच नाही."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. लाइनच्या शेवटी मेटल डिटेक्टर असतो, तो एवढा वॉशर पकडतोही. पण त्याच्यावर सगळा भार टाकता येत नाही. लोखंड तो सहज ओळखतो, स्टेनलेस स्टील ओळखणं त्याला सगळ्यात जड जातं, आणि तारेच्या ब्रशचा एक बारीक तुकडा विशिष्ट दिशेने पडला तर निसटूनही जातो. म्हणून आमच्याकडे उत्पादनाच्या जागी तारेचा ब्रश नेत नाहीत, आत नेलेलं प्रत्येक हत्यार मोजून बाहेर आणतात, आणि मालाला लागू शकेल अशा ठिकाणी फूड ग्रेड ग्रीसच (चुकून मालाला लागलं तरी अपाय न करणारं) लावतात. हे सगळं पोरं आमच्याकडे आल्यावर शिकतात, तेही शिकवणारा कोणी भेटला तर.

दूध प्लांटचं उदाहरण याहून गंभीर आहे. पाश्चरायझरमध्ये, म्हणजे दूध तापवून जंतू मारणाऱ्या यंत्रात, दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहावं लागतं. तापमान खाली आलं की फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह ते दूध पुढे जाऊ न देता परत सुरुवातीच्या बॅलन्स टँककडे वळवतो. आता समजा सेन्सरमध्ये बिघाड झाला आणि व्हॉल्व्ह सारखा दूध परत पाठवायला लागला. दुसऱ्या एखाद्या कारखान्यात हुशार इलेक्ट्रिशियन सेन्सर बायपास करून उत्पादन वाचवतो आणि शाबासकी मिळवतो. इथे तीच हुशारी केली तर कच्चं दूध पिशवीत भरून घरोघरी जाईल. वायर तीच, टेस्टर तोच. पण कोणत्या वायरला हात लावायचा नाही, ते त्या दुधाचं पुढे काय होतं हे कळल्याशिवाय समजत नाही. मेंटेनन्सवाला अन्नसुरक्षेतला शेवटचा नव्हे, पहिला माणूस आहे, असं मी मानतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे, स्वच्छतेचे नियम २०११ पासून लागू आहेत. मात्र पाना धरणाऱ्या पोरापर्यंत ते नियम पोचतात ते भिंतीवरच्या पोस्टरच्या रूपात.

आता अप्रेंटिसशिपची आजची अवस्था सांगतो. कायदा १९६१ चा आहे आणि त्याचा हेतू चांगला आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. आकडा भरतो. पण पूर्वी मी ज्या एका कारखान्यात होतो, तिथे इलेक्ट्रिशियन ट्रेडचा अप्रेंटिस तीन महिने खोकी उचलत होता. त्याची लॉगबुक मी पाहिली आहे. सगळ्या पानांवर एकाच पेनाची शाई, एकाच दिवशी लिहिलेलं अक्षर, आणि 'मोटर वाइंडिंग तपासणी' असं ज्या आठवड्यापुढे लिहिलं होतं त्या आठवड्यात पोरगा टेप मारत बसला होता. त्या पोराचं एक वर्ष कोण परत देणार? मला या गोष्टीचा आजही राग येतो.

पैशाचंही बोलायला हवं. २०१९ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे आयटीआय झालेल्या अप्रेंटिसला किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये. त्यातले २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्राची योजना देते. २०२४ मध्ये आपल्याच सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आणि आयटीआयवाल्याला ८,००० देऊ केले. गरीब घरातला पोरगा कुठे जाईल, सांगा? त्याला दोष देता येणार नाही. पण शेवटी ट्रेड टेस्ट असलेली, हातात राष्ट्रीय प्रमाणपत्र देणारी वाट स्वस्त आणि नुसत्या हजेरीची वाट महाग, हे उलटं झालं आहे. अप्रेंटिसचं विद्यावेतन राज्याने स्वतःची भर घालून निदान त्या पातळीवर आणावं. बुटीबोरी नागपूरपासून तीसेक किलोमीटर आहे. खोली, मेस आणि पेट्रोल ७,००० मध्ये बसत नाही.

नवा अभ्यासक्रम आखायला कायद्यात बदल करायची गरज नाही. २०१४ च्या दुरुस्तीने ऐच्छिक ट्रेडची, म्हणजे कारखान्याने स्वतः ठरवायच्या ट्रेडची, सोय केली आहे आणि त्याचा कालावधी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत ठेवता येतो. दोन वर्षांत मुलाने मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन आणि रेफ्रिजरेशन या चारही ठिकाणी हात काळे करावेत. सीआयपी (मशीन न खोलता आतून धुणं) म्हणजे काय, ७५-८० अंशांचं कॉस्टिक सोड्याचं पाणी पाइपमधून फिरत असताना क्लॅम्प का उघडायचा नाही, स्टेनलेसच्या पाइपला आतून आर्गॉन वायू न देता वेल्डिंग केलं तर आत जो खडबडीत थर राहतो त्यात जंतू कसे घर करतात, हे त्याला डोळ्यांनी दाखवावं. आइस्क्रीम आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांकडे थंडाव्यासाठी अमोनिया हा विषारी वायू असतो. गळती झाली तर वारा कुठून आहे ते बघून आडवं बाहेर पडायचं, ही सवय आधी लागावी लागते. ऐन वेळी ते कोणाला सुचत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की या थंड करणाऱ्या यंत्रांच्या कंडेन्सरचं प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर ट्रिप होतात. तो महिना शिकायला सोन्यासारखा आहे.

म्हणूनच बॅच हंगाम बघून आखा. नमकीनवाल्यांची धावपळ दिवाळीआधी, आइस्क्रीमवाल्यांची उन्हाळ्यात, संत्र्याची आंबिया आणि मृग या दोन बहारांत. धावपळ संपली की कारखाना शटडाउन घेतो, मशीन पार उघडतात. अप्रेंटिस नेमका तेव्हा तिथे हवा. एकाच कारखान्यात दोन वर्षं काढण्यापेक्षा त्याला दोन-तीन कारखान्यांत फिरवलं तर ३० पेक्षा कमी माणसं असलेले कळमेश्वर, हिंगण्याचे छोटे उद्योगही यात सामील होऊ शकतील. सुरुवातीचं मूलभूत प्रशिक्षण श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयमध्ये द्या. तिथे एक छोटा पाश्चरायझर, एक पाउच पॅकिंग मशीन आणि एक कन्व्हेयर बसवा. जुन्या चालतील. खोलून जोडायला जुन्याच बऱ्या.

मुलींबद्दलही लिहायचं आहे. पॅकिंगमध्ये शेकड्यांनी बायका काम करतात, मेंटेनन्समध्ये मला क्वचितच कोणी दिसली. पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा) दोष शोधायला ताकद लागत नाही. रात्रपाळीला गाडी आणि कपडे बदलायला खोली लागते, तेवढी अट कारखान्यांना घाला.

लॉगबुक आठवड्याला भरली जावी आणि तिच्यावर मशीनवर सोबत असणाऱ्याची सही असावी, ऑफिसातल्याची नव्हे. आपल्या विभागाच्या अप्रेंटिसशिप सल्लागारांनी, म्हणजे देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, न सांगता यावं आणि मुलाला विचारावं, "ही मशीन खोलून दाखव." पाच मिनिटांत सगळं कळेल. शिकवायला माणसं कमी पडणार नाहीत. या पट्ट्यात तीस-तीस वर्षं याच मशीनवर काढलेले, निवृत्त झालेले फोरमन आहेत. मानधन द्या, मान द्या, ते येतील. सुटीच्या दिवशी मीही येईन.

या अधिवेशनाच्या काळात या विषयावर एक बैठक नागपुरातच लावावी, ही विनंती. तिला कारखान्यांच्या एचआर अधिकाऱ्यांना बोलवाल, ते बोलवाच. सोबत शॉपफ्लोअरवरचा एक फोरमन आणि सध्या अप्रेंटिसशिप करणारी दोन मुलं यांनाही खुर्ची द्या, आणि आधी त्यांना बोलू द्या.

आपला,
एक मेंटेनन्स इंजिनिअर
बुटीबोरी, जि. नागपूर