बेबी, पैशाचं बोलायचं नव्हतं

सदाशिव पेठ, पुणे
मंगळवार, रात्री

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठलीस, मग मलाही घास गेला नाही. "दोन पैसे आले की माज येतो" हे मी बोलायला नको होतं. विद्यापीठाला देणगी द्यायची ती दे. पैसे तुझे, घाम तुझा. या पत्रात त्यावर एक अक्षर काढणार नाही.

फक्त स्वतःसाठी काय ठेवलंस, एवढं सांग.

तुझ्या बी.पी.एड.च्या, त्या खेळशिक्षकाच्या पदवीच्या, वेळीही मी असाच वागलो. आगाशे कॉलेजचा फॉर्म आईनं माझ्या नकळत भरला. शिट्ट्या फुंकून पोट भरतं का, असं मी चारचौघांत विचारलं होतं. ज्या पुण्यात १९१४ साली डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम लिहिले गेले, तिथं बसून! पुढं तुझी नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटाची निघाली, तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. आज कबूल करतो.

मग त्या चड्ड्या. तुझ्या खो-खो संघातल्या मुली मैदानात उकिडव्या बसायच्या, खो मिळाला की उसळायच्या, आणि बाजारच्या चड्डीची शिवण नेमकी आसनात उसवायची. तू माझा जुना पायजमा कापून तिथं कळी घातलीस. त्या स्पर्धेत एकही चड्डी फाटली नाही. (पायजमा मी महिनाभर शोधत होतो.) पहिलं ओव्हरलॉक शिलाई मशीन आईच्या पाटल्यांवर आलं. मला कळलं ते वाढताना तिचे हात मोकळे दिसले तेव्हा. ती म्हणाली, "भांडी घासताना आडव्या यायच्या."

आता धायरीत ३२ मशिनं आहेत. सुपर पॉली कापडाचे तागे जिन्यापर्यंत. वाड्यात कुणी आलं की मी तुझं कार्ड काढून दाखवतो.

तू विठ्ठलदास ठाकरसींचं उदाहरण दिलंस. १९२० साली त्यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख दिले, आईचं नाव लावलं. खरं आहे. पण ते गिरणीमालक होते गं! तुझा बँकेचा हप्ता चालू आहे, गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं पुढं ढकलते आहेस. आधी वर्षभराचे पगार बाजूला काढ. एफडी मोडू नकोस. करसवलतीची ८०जीची पावती... झालं, माझं कीर्तन सुरू. माफ कर. निवृत्त होऊन २२ वर्षं झाली तरी अंगातला ऑडिटर जात नाही.

नानाचं तू पाहिलं नाहीस, मी पाहिलंय. देताना सगळे पाया पडायचे. शेवटी औषधासाठी तो माझ्या दारात आला तेव्हा चपला बाहेर काढून उभा राहिला, सख्खा भाऊ असून. मला तेवढंच डोळ्यांपुढं येतं.

देणगीचा मसुदा टेबलावर विसरून गेलीस. दोनदा वाचला. खेळाडू मुलींना फीबरोबर बूट आणि खुराकही, हे कलम चांगलं आहे. तू पळून आलीस की आई मूठभर चणे-गूळ द्यायची, तोच खुराक.

दुसऱ्या पानावर आईचं नाव 'मालिनी' पडलंय. पेन्सिलीनं 'मालती' केलंय. रविवारी ये आणि घेऊन जा. गुडघ्याचा एक्स-रेही आण.

तुझा,
बाबा