रोटरी इंजिन कटाला बळी पडलेले नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत रोटरी इंजिनाच्या पुनरागमनावर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. इंजिनाच्या पोटात शिरून लिहिलेला मजकूर मराठी वर्तमानपत्रात क्वचितच वाचायला मिळतो, त्याबद्दल लेखकाचे अभिनंदन. मात्र ‘पिस्टनवाल्या कंपन्यांनी संगनमताने दाबून टाकलेले उत्कृष्ट इंजिन’ असा जो सूर संपूर्ण लेखात लागला आहे, तो वस्तुस्थितीला धरून नाही. मस्कतमधील एका वर्कशॉपमध्ये नऊ वर्षे सुपरवायझर म्हणून काम करताना या इंजिनाच्या बऱ्याच गाड्या माझ्या हाताखालून गेल्या असल्यामुळे हे पत्र लिहिणे मला भाग वाटले.

लेखकाने सांगितलेले गुण खरेच आहेत. पिस्टन वर-खाली धावतो, दर फेरीत दोनदा थांबतो आणि दिशा बदलतो; रोटरी इंजिनात, म्हणजेच जर्मन संशोधक व्हांकेल यांच्या इंजिनात, हा प्रकारच नाही. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारख्या, कमरेत किंचित आवळलेल्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, एक तिकोनी रोटर फिरत असतो आणि त्याच्या तीन बाजूंवर शोषण, दाब, ज्वलन व उत्सर्जन ही कामे एकापाठोपाठ एक चालू राहतात. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. रोटरच्या एका फेरीत शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात, त्यामुळे जपानच्या माझदा कंपनीच्या आरएक्स-8 या गाडीत फेऱ्यांचा काटा 9,000 वर पोहोचतो तेव्हाही आतला रोटर मिनिटाला 3,000 फेऱ्याच घेत असतो. ही गाडी इतकी बिनहादऱ्याची चालते, की इंजिन मर्यादेला भिडल्याचे चालवणाऱ्याला कानाने कळत नाही; म्हणून कंपनीला त्यासाठी बझर बसवावा लागला होता. हे सुख मी स्वतः अनुभवले आहे आणि ते कोणत्याही चार सिलिंडरच्या गाडीत मला पुन्हा मिळाले नाही.

पण ‘अवघ्या 1,300 सीसीमधून 230 अश्वशक्ती’ हा जो चमत्कार लेखात वर्णिला आहे, तो हिशेबाच्या पद्धतीतून निर्माण झालेला आहे. आरएक्स-8 मध्ये असे दोन रोटर असतात; प्रत्येकाचा 654 सीसीचा एकच कक्ष मोजून हा आकडा काढतात. चार-स्ट्रोक पिस्टन इंजिन शाफ्टच्या एका फेरीत आपल्या क्षमतेच्या निम्मीच हवा आत घेते, रोटरी मात्र मोजलेली सगळी घेते. तेव्हा तुलना करायचीच तर ती 2.6 लिटरच्या इंजिनाशी केली पाहिजे. जपानी करखात्याने सुवर्णमध्य काढला आणि वाहनकरासाठी रोटरीची क्षमता दीडपट धरली, त्यामुळे तेथे या गाडीला दोन लिटरच्या गटातला कर भरावा लागतो.

‘भाग कमी, म्हणून देखभाल कमी’ हे लेखातील विधान मला सर्वांत अधिक खटकले. भाग कमी आहेत हे निर्विवाद. परंतु जे आहेत त्यांच्यावर येणारा भार वेगळ्याच जातीचा आहे. पिस्टन इंजिनात सिलिंडरच्या त्याच भिंतीला आधी गार मिश्रण लागते आणि मग आग, त्यामुळे ती सर्व बाजूंनी साधारण सारखी तापते. रोटरीत शोषण कायम एका बाजूला होते आणि ज्वलन कायम दुसऱ्या, म्हणजे हाउसिंगचे एक अंग गार तर दुसरे जन्मभर भाजत राहते. त्यावरून घासत जातात त्या रोटरच्या तीन टोकांवरच्या सीलच्या पट्ट्या, 80 मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड. पिस्टनला एकाखाली एक रिंगा असतात, त्यातली एक थकली तरी दुसरी काही काळ सांभाळून घेते. येथे दोन कक्षांच्या मध्ये ही एकच पट्टी असते. एका कॉम्प्रेशन (कक्षातला दाब) गेलेल्या इंजिनातून काढलेली अशी पट्टी मी बरीच वर्षे टेबलाच्या खणात ठेवली होती. मधोमध घासून तिला पोक आला होता, एका टोकाचा उंदराने कुरतडावा तसा टवका उडाला होता, आणि त्या टवक्याने हाउसिंगच्या क्रोमवर ओढलेली रेघ नखाला लागत असे. तेवढ्यासाठी संपूर्ण इंजिन उतरवावे लागले होते.

या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून इंजिन थोडे थोडे ऑइल मुद्दाम आत सोडते आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाते. ‘गाडी ऑइल खाते’ ही मालकाची तक्रार म्हणजे दोष नव्हे, ती रचनाच तशी आहे. पण सर्व्हिसिंगखेरीज बॉनेट न उघडणाऱ्या माणसाला हे पटवून देता देता आमची दमछाक होई. त्याहून मोठी डोकेदुखी म्हणजे गार इंजिन सुरू करून लगेच बंद करणे. सावलीतली गाडी धुण्यासाठी दहा पावले पुढे घ्यायची आणि किल्ली फिरवायची, एवढेच पुरे होते. थंड इंजिनात सोडलेले जादा पेट्रोल सीलवरचा तेलाचा पापुद्रा धुऊन टाकते, कॉम्प्रेशन नाहीसे होते, आणि गाडी ‘ओव्हर’ होऊन तिथेच बसते. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून, म्हणजे पेट्रोल तोडून, स्टार्टर मारत राहायचे. तेवढ्याने भागले नाही तर चारही प्लग काढायचे. शेवटी आम्ही धुणाऱ्या मुलांसाठी भिंतीवर हिंदी, बंगाली आणि मल्याळममध्ये पाटी लावली होती: ही गाडी हाताने ढकला.

पेट्रोलच्या खर्चाचे कारणही आकारातच आहे. ज्वलनाचा कक्ष परातीसारखा लांबट-पसरट आणि त्यातही पुढे सरकत जाणारा, त्यामुळे ज्वाला कोपऱ्यांत पोहोचत नाही. एका रोटरला दोन दोन प्लग देऊनही काही मिश्रण न जळताच बाहेर पडते, आणि मोठ्या पृष्ठभागामुळे बरीचशी उष्णता भिंतींना जाते. ज्या फिरत्या रचनेमुळे तो गोडवा येतो, तीच ॲव्हरेज बिघडवते. एक गोष्ट मात्र लेखकाच्या बाजूने नमूद केली पाहिजे: या अपूर्ण ज्वलनात तापमान कमी राहते, म्हणून धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे, म्हणजे एका प्रदूषकाचे, प्रमाण कमी असते. सत्तरच्या दशकात न जळलेला धूर बाहेर वेगळ्या भट्टीत जाळून माझदाने अमेरिकेचे धुराविषयीचे कडक नियम पूर्ण करून दाखवले होते.

आता कटाविषयी. फेलिक्स व्हांकेल यांचे इंजिन जर्मनीच्या एनएसयू कंपनीत 1957 मध्ये प्रथम चालले. याच कंपनीची आरओ-80 ही गाडी 1967 मध्ये आली, पुढच्या वर्षीचा युरोपातील ‘कार ऑफ द इयर’ किताब तिने मिळवला, आणि सील झिजल्यामुळे हमीच्या मुदतीत इंजिने बदलून देता देता कंपनी आर्थिकदृष्ट्या खचली; 1969 मध्ये ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. समोरून दुसरी आरओ-80 आली की मालक बोटे वर करून आपली किती इंजिने बदलून झाली ते सांगत, असे म्हणतात. जनरल मोटर्सने 1970 मध्ये पाच कोटी डॉलर मोजून परवाना घेतला. मर्सिडीझने सी-111 या प्रायोगिक गाडीत हे इंजिन बसवून पाहिले. सित्रोएनने तर जीएस बिरोटर बाजारात आणली, आणि 847 गाड्या झाल्यावर शक्य तेवढ्या परत विकत घेऊन मोडीत काढल्या. दाबून टाकायचे असते तर या मंडळींनी इतका पैसा आणि इतकी वर्षे त्यात घातली नसती. 1973 चे तेलसंकट आले तेव्हा पेट्रोल पिणाऱ्या इंजिनाला वाली उरला नाही, एवढीच ही गोष्ट आहे.

फ्रान्समधील ले मान्स या 24 तासांच्या मोटार शर्यतीची कथाही तशीच. 1991 मध्ये माझदाची चार रोटरची 787बी ही गाडी जिंकली हे खरे, पण ‘जिंकल्यामुळे बंदी घातली’ हे खरे नाही. साडेतीन लिटरच्या पिस्टन इंजिनांचा नियम त्याआधीच ठरलेला होता. शिवाय त्या वर्षी 787बीला 830 किलो वजनाची सवलत होती आणि तिच्या मुख्य प्रतिस्पर्ध्यांना 1,000 किलो वाहून न्यावे लागत होते, हे सांगितल्याशिवाय त्या विजयाची हकिगत पुरी होत नाही.

याचा अर्थ माझदाचे हिरोशिमातील केनिची यामामोतो आणि त्यांच्या 47 अभियंत्यांचे कर्तृत्व कमी होते असा नव्हे. हाउसिंगच्या भिंतीवर सीलने उमटवलेल्या लाटांना ते ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत, आणि ते घालवून 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी विक्रीला आणणे ही असामान्य कामगिरीच होती. परंतु त्याच माझदाने 2012 मध्ये आरएक्स-8 बंद केली, आणि 2023 मध्ये एमएक्स-30 या विजेच्या मोटरवर चालणाऱ्या गाडीतून रोटरी परत आणली ती 830 सीसीच्या एकाच रोटरचा जनित्रसंच म्हणून. त्याचा चाकांशी संबंधच नाही. बॅटरी उतरली की वीज तयार करणे एवढेच त्याचे काम. सिग्नलला थांबणे, रांगेत सरपटणे यांतून इंजिनाची सुटका, आणि मोटरशेजारच्या अरुंद जागेत बसेल इतका आटोपशीर आकार, असा तो व्यवहार आहे. ज्या पुनरागमनाचे लेखात एवढे स्वागत झाले आहे, ते प्रत्यक्षात एवढे मर्यादित आहे.

अखेरीस एक दुरुस्ती. ‘भारताला हे इंजिन कधी जमले नाही’ असे वाक्य लेखात आहे. तेव्हाच्या अहमदनगर येथील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथील, वाहन संशोधन व विकास आस्थापनेने बेंगळुरूच्या दोन संस्थांच्या सहकार्याने 55 अश्वशक्तीचे व्हांकेल इंजिन तयार केले, आणि मार्च 2009 मध्ये कोलारजवळ ‘निशांत’ हे मानवरहित विमान त्यावर उडाले. वजनाच्या मानाने ताकद भरपूर आणि हादरे नगण्य, हे गुण तेथे कॅमेरा घेऊन घिरट्या घालणाऱ्या यंत्राला उपयोगी पडतात, आणि पेट्रोलचा हिशेब विचारायला तेथे कोणी ग्राहक नसतो. पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वर्कशॉप सुपरवायझर, सांगली