हाड देणाऱ्या अनोळखी माणसाला

नमस्कार,

तुमचं नाव मला कधी कळणार नाही, टिश्यू बँक (दान केलेलं हाड वगैरे साठवून रुग्णांना देणारी संस्था) ते गुप्त ठेवते आणि ते बरोबरच आहे, म्हणून हे पत्र असं उघडपणे लिहितेय.

आईची खालची दाढ फार पूर्वी काढलेली. दाढ गेली की तिथलं हाड झिजत जातं, सगळ्यात जास्त पहिल्याच वर्षात. आता इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात, करायला गेलो तर स्कॅनमध्ये हाडाची रुंदी निघाली जेमतेम 4 मिमी, स्क्रूच साधारण तेवढा जाड असतो, शिवाय दोन्ही बाजूंना निदान 1-1 मिमी हाड लागतंच. डॉक्टर म्हणाल्या आधी बोन ग्राफ्ट करू, म्हणजे कमी पडणाऱ्या जागी दुसरं हाड भरू. गुरांच्या हाडाचं मटेरियल आईला नको होतं, तिच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि तिच्याच हनुवटीतून हाड घ्यायचं तर या वयात अजून एक जखम. मग डॉक्टरांनी परळच्या टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेतली बाटली मागवली. ही बँक 1988 पासून आहे, हे मला तेव्हा कळलं!

त्या छोट्याशा बाटलीत पांढरी पूड होती, ते तुमचं हाड. कदाचित खुब्याचा सांधा बदलताना काढलेला गोळा तुम्ही देऊन टाकला असेल, कदाचित तुम्ही गेल्यावर घरच्यांनी त्या दुःखातही होकार दिला असेल. ते स्वच्छ करून, गोठवून सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. आईच्या पुडीतला कॅल्शियम आधी ॲसिडने काढलेला होता, म्हणजे आतली प्रोटीन्स उघडी पडतात आणि ती आजूबाजूच्या पेशींना हाड बनवायला लावतात. अमेरिकन हाडांचे सर्जन मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये हे दाखवून दिलं होतं. वरून एक पातळ पडदा घातला, कारण हिरडी भराभर वाढते आणि हाडाची जागा खाऊन टाकते. मग नुसतं थांबायचं, काही महिने.

दुसऱ्या स्कॅनमध्ये स्क्रूला पुरेल एवढं हाड दिसलं. तुमची पूड हळूहळू विरघळतेय आणि तिथे आईचं स्वतःचं हाड येतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मला एकदम भरून आलं.

डोळे, किडनी देणाऱ्यांबद्दल लोक निदान बोलतात तरी, हाड देणाऱ्यांचं नाव कोणी काढत नाही. आई आता त्या बाजूने नीट चावते. तुमचे आणि तुमच्या घरच्यांचे मनापासून आभार. मामाचं खुब्याचं ऑपरेशन ठरलंय, त्याला सांगितलंय की काढलेलं हाड देता येतं का हे सर्जनना आधीच विचारून ठेव.