तराजू माझ्या आईच्या हातात देणाऱ्या हुपरीच्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे. पण हुपरीत चांदीचं काम करणाऱ्यांपैकी कुणी हे वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचवतीलच.

आईच्या डब्यातली चांदी तुमच्यापुढे ठेवली तेव्हा आम्ही दोघी किती खचलेल्या होतो, ते तुम्ही चेहऱ्यावरूनच ओळखलं असणार. त्यातले राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले रुपये आणि एक 1944 चा रुपया आजीने आईच्या लग्नात तिच्या ओटीत घातले होते. शहरातल्या एका मोठ्या पेढीवर ते आमच्या हातून घेतले, पडद्याआड नेले आणि बाहेर येऊन सांगितलं, "जर्मन सिल्व्हर आहे, मोडीत घेऊ." जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा कणसुद्धा नाही. कशावरून म्हणता, असं विचारलं तर उत्तर नाही, उलट कपाळाला आठ्या. दुसऱ्या ठिकाणी चांदीचं प्रमाण सांगणाऱ्या मशीनवर धरून तो 1944 चा रुपया "अर्धा भेसळ" म्हणून बाजूला सारला. आई घरी येऊन जेवली नाही. पैशाचं तिला काही नव्हतं. "माझ्या आईने मला खोटं दिलं असेल का गं?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. त्या पेढीवाल्यांना आपण काय बोलून गेलो याची कल्पनाही नसेल. नुसता "नाही" म्हणायलासुद्धा माणसाने समोर बसावं लागतं, काका.

तुम्ही समोर बसलात. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे आकडे आईला दिसत नाहीत हे तुमच्या लगेच लक्षात आलं. तो काटा बाजूला ठेवून तुम्ही फळीवरचा जुना तराजू काढलात, फुंकर मारून पुसलात, आणि तुमच्याकडचा एक खात्रीचा रुपया एका पारड्यात टाकून तराजू सरळ आईच्या हातात दिलात. "आक्का, हा माझा रुपया खरा. तुमचा समोर घाला आणि तुम्हीच सांगा." आईचा हात थरथरत होता, म्हणून खालून तुम्ही नुसतं बोट लावलंत. पारडी हलली, हलली आणि जवळजवळ बरोबरीत थांबली. आईचं पारडं केसभर वर होतं, तेव्हा तिने घाबरून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही नाणं उलटवून राणीचा झिजलेला गाल दाखवलात आणि म्हणालात, "दीडशे वर्षं हाताळलाय, एवढी झीज होणारच." तो रुपया टांकसाळीतून निघाला तेव्हा पुरता तोळाभर, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि शंभरात जवळपास 92 भाग चांदी. मग दोन्ही नाणी शेजारी धरून जाडी दाखवलीत. हलक्या धातूचा रुपया वजनाला बरोबर करायचा तर तो जाड किंवा मोठा करावाच लागतो, वजन आणि माप दोन्ही एकदम जुळवणं खोटं पाडणाऱ्याला सहजासहजी जमत नाही. आईला हे लगेच पटलं, कारण तिने ते स्वतः तोललं होतं.

1944 च्या रुपयाबद्दल तुम्ही जे सांगितलंत त्याने तर माझेच डोळे उघडले. महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि 1940 पासून सरकारनेच रुपयात चांदी निम्मी केली. म्हणजे मशीनचा आकडा बरोबर होता, त्याचा अर्थ लावणारा चुकला. नाणं अस्सल, चांदी अर्धी. नकली रुपये रोखायला त्या काळी कडेच्या रेघांमध्ये जी खाच घेतली, ती तुम्ही आईला भिंगातून दाखवलीत. साल आणि राजा कोण हे न पाहता नुसता टंच, म्हणजे चांदीचं प्रमाण, काढला तर खरं नाणंही खोटं ठरतं, हे दुकान थाटून बसलेल्याला माहीत असू नये?

आता आईच्या डब्यातल्या त्या चांदीच्या बिस्किटाबद्दल. 100 ग्रॅमचं, वर 999 चा ठसा, चुंबकाला न चिकटणारं. (तांबं, पितळ, शिसंही चिकटत नाही, तेव्हा चुंबकाने लोखंडासारखं तेवढं पकडता येतं.) मशीनही त्याला चांदीच म्हणाली, कारण ती वरचा थर तेवढा वाचते आणि मुलामा जाड होता. तुम्ही काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणलात आणि बिस्कीट दोऱ्याने पाण्यात अधांतरी बुडवलंत; ते जेवढं पाणी हटवतं, तेवढेच ग्रॅम काट्यावर दिसतात. शुद्ध चांदी असती तर आकडा साडेनऊच्या आसपास यायला हवा होता, तो अकराच्या पुढे गेला. मग मला विचारून कोपऱ्यात कानस मारलीत, आणि आत लालसर तांबं. ते बाबांनी बोनसमधून घेतलं होतं. तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत, पण लगेच पुढे म्हणालात, "घेणाऱ्याची नियत चोख होती, आक्का. विकणाऱ्याची नव्हती." आई तेवढ्या एका वाक्यावर सावरली. बाबांचं नाव तिच्यासमोर तुम्ही खाली पडू दिलं नाहीत.

तुम्ही तपासणीचे ठरलेले पैसे घेतलेत, हेही बरं केलंत. फुकट केलं असतं तर आईला ओझं वाटलं असतं. रुपये विकायला निघालो आहोत म्हटल्यावर "चांदीच्या भावाने मोडू नका, आधी नाण्यांच्या जाणकाराला साल दाखवा, आणि घासून चकचकीत तर मुळीच करू नका" असं सांगून हातचं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस बाजारात असतो, यावर माझा विश्वास उरला नव्हता. यापुढे चांदीची वस्तू घ्यायची तर हॉलमार्कचीच, म्हणजे शुद्धतेचा सरकारमान्य ठसा असलेली घ्यावी, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या वस्तूंवरही एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा स्वतःचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, तो बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून पाहावा, हेही तुम्हीच चिठ्ठीवर लिहून दिलंत. चांदीला तो तेव्हा तरी सक्तीचा नव्हता, म्हणून आपणच मागून घ्यायचा, हे खाली अधोरेखित केलं होतंत.

रुपये आम्ही विकले नाहीत. ज्या फीसाठी ते विकणार होतो, तिची सोय दुसरीकडून झाली. आईने भावाला, मला आणि भाचीला एकेक दिला, आणि देताना प्रत्येकाला "मी स्वतः तोललाय" असं सांगितलं.

भाचीला दिवस गेलेत. बारशाचे वाळे तुमच्याकडूनच घडवायचे असं आईने आत्ताच ठरवून टाकलंय. मजुरी नेहमीची लावा, कमी केलीत तर ती ऐकणार नाही.

तुमची,
आक्कांची थोरली लेक