घूस गेली ऑस्ट्रेलियाला

सोलापूर, रविवार दुपार

प्रिय सुध्या,

तुझ्या ऑस्ट्रेलियातल्या अंगणाचा फोटो बघितला. हिरवळीवर इथे-तिथे पडलेले ते खड्डे, तोंडाशी रुंद नि खाली निमुळते, जणू कुणी भोवरे रोवून काढून घेतलेत. आणि खाली तुझं वैतागणं: 'शेजारी म्हणतो बँडिकूट आहे. काय असतं रे हे?' फोनवर अंगठ्याने बडवून याचं उत्तर द्यायचं म्हणजे शब्दाचा अपमान, म्हणून कागद घेऊन बसलोय. चहा ठेवलाय, वाचताना तूही ठेव.

खरं सांगू? नाव वाचून आधी डोळ्यांपुढे आली ती आजोबांची बंडी आणि तिच्यावर सांडलेलं शेंगदाण्याचं कूट. सोलापूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार! मग एकदम ट्यूब पेटली. अरे, हा शब्द आपण लहानपणी शंभरदा ऐकलाय. वाड्यातली तेलुगू बोलणारी अक्का आठवते?

मला तो पावसाळा लख्ख आठवतो. अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली आणि आपण दोघं तिच्या दारात गोट्या खेळत होतो. मोरीत काहीतरी धप्पकन पडलं. गटाराच्या भोकातून किलोभराची घूस आत आली होती, काळपट, ओलीचिंब, शेपूट दोरखंडासारखं. तू थेट पाण्याच्या पिंपावर चढलास, आणि चढलो नव्हतो असं आता म्हणू नकोस. अक्काने सूप बाजूला ठेवलं, धुण्याचं धोपटणं उचललं नि ओरडत सुटली, "पंदिकोक्कु! पंदिकोक्कु!" कोपऱ्यात सापडलेल्या घुशीने अंगावरचे राठ केस फुलवले आणि चक्क डुकरासारखी घुरघुरली. मला धोपटण्यापेक्षा तो आवाजच जास्त आठवतो.

पुढे वर्षभर आपण वर्गातल्या त्या गोलमटोल पोराला पंदिकोक्कु म्हणत होतो. तेलुगू शिवी आहे अशीच आपली समजूत. मास्तरांनाही अर्थ ठाऊक नव्हता, पण छड्या दोघांनाही मिळाल्या. फुकट मिळाल्या रे. पंदि म्हणजे डुक्कर आणि कोक्कु म्हणजे मोठा उंदीर. डुक्कर-उंदीर. घुशीचं याहून नेमकं वर्णन करून दाखव! तुझ्या अक्कलकोटच्या मामाकडे डुकराला हंदी म्हणायचे ना, ते याच पंदिचं कानडी भावंड. तेलुगूतला 'प' कानडीत कितीतरी ठिकाणी 'ह' होतो: तिकडे दूध म्हणजे पालु, इकडे हालु. (तेलुगूत लोकांचं लुबाडून खाणाऱ्यालाही पंदिकोक्कु म्हणतात. हिंदीत घूस म्हणजे लाच. आपण मराठी लोकांनी मात्र बिचारीला मोरीतच ठेवलं.)

आंध्रच्या किनाऱ्यावर वखारी टाकून बसलेल्या इंग्रजांना हा प्राणी गोदामात रोज भेटत असणार. त्यांच्या जिभेवर पंदिकोक्कुचा झाला बँडिकूट, आणि पुढे साहेब हिंदुस्थानात जिथे गेला तिथे हेच नाव घेऊन गेला. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश निघाला. साहेबांच्या तोंडी रुळलेल्या देशी शब्दांचा तो कोश. त्यात या शब्दाखाली दाखला कुठला दिलाय, सांग. आपल्या दौलताबादचा! चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी तिथे आला होता. तो लिहितो की किल्ल्यातल्या अंधारकोठड्यांत मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत आणि मांजरंच त्यांना भिऊन पळतात. तिथे कोंडलेल्या एका सरदाराने त्याला सांगितलं होतं की रात्री हे उंदीर टोळीने अंगावर यायचे आणि मी त्यांच्याशी झुंजत बसायचो. शेजारच्या कोठडीतला कैदी आजारी पडला तर त्याची बोटं नि डोळे उंदरांनी खाल्ले आणि तो मेला. ते ऐकून सुलतानाने या सरदाराला बाहेर काढलं. आपण सहलीला गेलो होतो तेव्हा गाइडने त्या अंधारी वाटेत मशाल विझवून दाखवली होती, आठवतं? तेव्हा ही गोष्ट सांगितली असती तर तू तिथेही कुणाच्या तरी खांद्यावर चढला असतास.

आता तुझ्या अंगणाकडे येतो. सिडनीची वसाहत बसली १७८८ साली. खाण्यापिण्याचे वांधे, इंग्लंड महिनोन्‌महिने दूर, म्हणून थोड्याच वर्षांत कलकत्त्याहून माल यायला लागला. 'सिडनी कोव्ह' नावाचं जहाज असंच कलकत्त्याहून निघालं आणि १७९७ साली टास्मानियाजवळच्या बेटापाशी अडकून बुडालं. त्यावर आपल्याकडचे बरेच खलाशी होते. म्हणजे या दोन किनाऱ्यांमध्ये माणसं, तांदूळ, दारू यांच्याबरोबर शब्दांचीही ये-जा होती. त्याच सुमारास, १७९९ च्या आसपास, जॉर्ज बास हा डॉक्टर-दर्यावर्दी तिथल्या एका लांब नाकाच्या, जमीन उकरणाऱ्या प्राण्याला बँडिकूट म्हणताना दिसतो. दुरून बघितलं तर चूक त्याचीही नाही. रंग मातकट, पाठ वाकलेली, रात्रीचा उद्योग, सगळं घुशीसारखंच.

पण जवळून बघशील तर नात्याचा पत्ता नाही. घूस उंदरांच्या कुळातली. तुझा पाहुणा शिशुधान, म्हणजे पोटाला पिशवी असलेल्या कांगारूच्या गोतातला. आणि पिशवी कशी, तर कांगारूसारखी वर उघडणारी नाही, मागच्या बाजूला उघडणारी. म्हणजे आई पुढच्या पायांनी माती उकरत सुटली तरी पिल्लांच्या तोंडात ढेकळं जात नाहीत. मला हे फार आवडलं. आपल्याकडे पाठीला झोळीत मूल बांधून खुरपायला जाणाऱ्या बायकांनीही हाच विचार केला असणार. आणखी एक: गर्भार राहिल्यापासून साडेबारा दिवसांत ही बाई मोकळी होते! आपल्याकडे तेवढ्यात बारशाची यादीही होत नाही. मागच्या पायाची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली, त्यांचा ती अंग विंचरायला फणीसारखा उपयोग करते.

शास्त्रज्ञांनी तरी धड नाव द्यावं! त्यांनी ग्रीक 'पेरा', म्हणजे झोळी, आणि लॅटिन 'मेलेस', म्हणजे बिज्जू (हाही एक जमीन उकरणारा प्राणी), जोडून यातल्या एका वंशाला पेरामेलेस केलं. झोळीवाला बिज्जू. एकाने डुक्कर म्हटलं, एकाने उंदीर, तिसऱ्याने बिज्जू, आणि तो यातला कुणीच नाही. तिथल्या मूळ लोकांना मात्र अशी जोडाजोड करावी लागली नव्हती. पर्थच्या बाजूला नूंगार लोक त्यांच्याकडच्या जातीला क्वेंडा म्हणतात. सशासारख्या कानांचा एक चुलतभाऊ आहे, गोरे त्याला आधी ससा-बँडिकूट म्हणत. पुढे युवालराय भाषेतलं बिल्बी हे नाव टिकलं आणि आता ईस्टरला सशाऐवजी चॉकलेटची बिल्बी मिळते म्हणे. तुझ्या नातीने खाल्ली असेल. तुझ्या पाहुण्याच्या मागची घूस मात्र सुटली नाही ती नाहीच.

एक क्रियापदही झालंय तिकडे. शेतातल्या बटाट्याचा वरचा पाला जागच्या जागी ठेवून खालचे बटाटे गुपचूप उकरून नेणं, याला ऑस्ट्रेलियात बँडिकूट करणं म्हणतात. वरून बघितलं तर पीक डोलतंय, आत सगळं साफ. घूस पाया पोखरते तेव्हा आपल्या भिंतीचंही असंच होतं. हा बदनामीचा भाग मूळ मालकिणीलाच जास्त शोभतो असं माझं मत.

शब्द परतही आलाय बरं का. केरळातल्या काही तरुण इंजिनिअरांनी मॅनहोलमध्ये माणूस न उतरवता सफाई करणारं यंत्र बनवलं आणि २०१८ साली तिरुवनंतपुरमला ते कामाला लागलं. नाव ठेवलं बँडिकूट. गटारातून निघालेला शब्द जग हिंडून पुन्हा गटारात उतरला. अक्का असती तर तिला सांगितलं असतं. तिने तंबाखूची चिमूट तोंडात टाकून "हौ का" म्हटलं असतं आणि विडी वळत राहिली असती.

तर आता तुझा मुद्दा. औषधबिषध टाकू नकोस. एक तर तो तिथला संरक्षित प्राणी, तुझ्या अंगाशी येईल. दुसरं, तो तुझ्या गवतावर रागावलेला नाही, खालचे किडे आणि अळ्या शोधतोय. पर्थकडच्या क्वेंडाची मोजदाद झालीय: एकटा जीव वर्षाला जवळपास चार टन माती खालीवर करतो. इतकी नांगरट करायला आपल्याकडे मजूर मिळत नाही, तुझ्याकडे फुकट येतोय. खड्डे पायाने बुजव आणि झोप. फक्त गोचिडीवर लक्ष ठेव. तिकडची गोचीड वाईट, बागेतून आलास की नातीचे कान आणि मान बघत जा.

वाड्याची ती मोरी आता नाही. सगळं पाडून तिथे तीन मजले उभे राहिलेत, पण घुशी आहेत. परवाच पार्किंगमधली फरशी एका कोपऱ्यात खचली.

आज रात्री कंदील नाही तर फोनचा उजेड घेऊन मागच्या दारात बसून बघ. दिसला तर फोटो पाठव, नाकासकट. आणि खड्ड्याचा पाठवशील तेव्हा शेजारी एक नाणं ठेव, म्हणजे आकार कळेल.

वहिनींना नमस्कार, नातीला पापा.

तुझा,
नान्या