प्रकाशाने ऐकण्याची आशा

माझ्या नातीला कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत बसवलेले ऐकण्याचे यंत्र आहे. घरात ती छान ऐकते, बोलते. पण जांभळी नाक्याच्या गर्दीत माझा पदर घट्ट धरते. ‘आजी, सगळे आवाज एकात एक होतात गं!’ कारण या यंत्रातील इलेक्ट्रोडचा (वीज सोडणाऱ्या बारीक टोकांचा) विद्युतप्रवाह अंतर्कर्णातल्या द्रवात पसरतो, शेजारचे मज्जातंतूही चेतवतो. त्याऐवजी प्रकाश वापरण्यावर जर्मनीतील गॉटिंगेन येथे टोबियास मोझर यांचा गट काम करतो. शेवाळातील प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक श्रवण-मज्जातंतूंच्या पेशींत सोडायचे, मग प्रकाशाचा बारीक ठिपका हव्या त्या मोजक्याच पेशी जाग्या करतो! प्राण्यांवर प्रयोग झाले आहेत. वांद्र्याच्या, श्रवणदोषांवर काम करणाऱ्या अली यावर जंग संस्थेने आमच्यासारख्या पालकांना याची माहिती मराठीतून द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, नौपाडा, ठाणे